खर्ज मागे राहतो

लकडगंज, नागपूर
४ जुलै १९८२

चि. अनंत यास आशीर्वाद.

नऊ वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा आधी काम सांगते.

मी तीस जूनला निवृत्त झाले. छत्तीस वर्षे मुलींना विज्ञान शिकवले, शेवटची आठ वर्षे शाळाही चालवली. आता सकाळी दहा वाजता घरात मी आणि कामाला येणारी तुळसाबाई, एवढेच असतो.

मनोहरराव गेले आणि मी एकटी उरले तेव्हा तू जबलपूरहून एक पार्सल पाठवले होतेस. ते मी चार वर्षे उघडले नव्हते. परवा कपाट आवरताना उघडले. आत कॅसेट निघाली. वर तुझ्या अक्षरात 'बाबांचा मृदंग, कुही, मार्च १९७३' असे लिहिले आहे. मनोहररावांचा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर अजून धड आहेत. त्यांवर लावली.

आवाज बाबांचाच आहे, पण अर्धा आहे. उजव्या पुडीचे बोल मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. डावी मात्र पलीकडच्या खोलीत कुणी उशी झटकावी तशी. तुझा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट आहे, म्हणून तुला ठाऊक नसेल. डाव्या पुडीवर कणीक थापायचे काम माझे होते. सरावाला बसले की बाबा कधीकधी आपला डावा हात मांडीवर ठेवून म्हणत, "मार वं इंदू," आणि 'धा'चा डावा ठोका मी मारायची. उजवा त्यांचा, डावा माझा. दहा वर्षांची होईपर्यंत हे चालले.

मला तो डावा हात नीट ऐकायचा आहे. तू रेडिओ-स्पीकरांतला माणूस आहेस. काय करावे लागेल ते कळव. खुशालीही कळव.

इंदुताई


जबलपूर
१३ जुलै १९८२

ती. इंदुताईस अनंतचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर पाहून कौसल्या म्हणाली, "उघडा तर, की मुहूर्त पाहता?"

आम्ही बरे आहोत. कारखान्यात आता मला कुणी काही सांगत नाही, मीच सांगतो. एवढी बढती झाली.

तुमच्या स्पीकरांत दोष नाही. ते सहा इंची आहेत. खर्जाला खूप हवा हलवावी लागते, ती त्यांच्या छातीत नाही. त्यांच्याकडून जबरदस्तीने खर्ज काढायला जाल तर फाटतील. त्यासाठी वेगळा डबा लागतो, ज्यात बारा इंची स्पीकर असतो आणि जो फक्त खालचे आवाज काढतो. बारा इंची स्पीकर माझ्याकडे पडून आहे. त्याला एक लहान ॲम्प्लिफायर आणि वरचे आवाज अडवणारी एक गाळणी मी बनवतो आणि रेल्वे पार्सलने पाठवतो. लाकडाचं काम तिथेच करून घ्या. लकडगंजात राहून लाकूड जबलपूरहून मागवलं तर लोक हसतील. पाऊण इंची प्लायवूड घ्या. मापं मागच्या पानावर आहेत. कुठूनही हवा सुटता कामा नये.

ताई, ती टेप जुनी आहे. फार अपेक्षा ठेवू नका.

अनंत


लकडगंज, नागपूर
२२ ऑगस्ट १९८२

चि. अनंत,

पहिली गोष्ट. मला 'तुम्ही' म्हणू नकोस. मी तुझी बहीण आहे, तुझ्या कारखान्याची तपासणी करायला आलेली बाई नव्हे.

पार्सल सुखरूप पोचले. धोंडबा सुताराकडून डबा करून घेतला. तो मापे पाहून म्हणाला, "बाई, ह्याले दार काहून नाही?" मी म्हटले, दार नसते. "मंग यात ठेवता काय?" मी म्हटले, आवाज. मग सागाची पट्टी लावून त्याने पॉलिश असे केले आहे की येणारा-जाणारा त्याला तिजोरी समजतो.

तुझ्या आकृतीप्रमाणे तारा जोडल्या आणि सुरू केले. अनंत, हे काय पाठवलेस? खिडकीच्या काचा थरथरल्या. फळीवरचे पितळी डबे वाजू लागले. मृदंग बाजूला राहिला, नुसता घूं-घूं आवाज. बटण कमी केले तर काहीच नाही, वाढवले तर भूकंप. मधले काही सापडत नाही. दोन स्पीकर आपले बोलतात, हा डबा आपला बोलतो. एका घरात राहणारी दोन भांडलेली माणसे असावीत तसे.

कळव.

इंदुताई


जबलपूर
३० ऑगस्ट १९८२

ती. ताईस नमस्कार.

'तू' म्हणतो. लिहिताना हात अडखळतो, पण म्हणतो.

तू डबा नक्की कोपऱ्यात ठेवला असशील. कोपऱ्यात खर्ज फुगतो. आता असं कर. डबा उचलून तुझ्या खुर्चीवर ठेव, जिथे बसून तू ऐकतेस तिथे. मृदंग लाव आणि खोलीभर भिंतीच्या कडेने फिर, पण कान जमिनीजवळ आण, म्हणजे रांगत. जिथे ठोका गोल आणि मोकळा ऐकू येईल, ती डब्याची जागा. मग डबा तिथे आणि तू खुर्चीत.

दुसरं, तारा. डब्याच्या दोन तारा एकदा उलट करून पाहा. उलट लागल्या असतील तर तुझे स्पीकर हवा बाहेर ढकलतात तेव्हा डबा आत ओढतो. दोघंही मेहनत करतात आणि हाती काही लागत नाही. ज्या जोडणीत आवाज भरतो ती बरोबर.

तिसरं, बटण. शून्यापासून हळूहळू वाढव. डबा वाजतो आहे हे कळायला लागलं की जास्त झालं. तो असताना त्याचा पत्ता लागू नये आणि बंद केल्यावर मात्र घरातलं कुणी उठून गेल्यासारखं वाटावं. तिथे थांब.

घाई करू नको. याला महिनेसुद्धा लागतात. काय होतं ते लिहीत जा.

अनंत


लकडगंज, नागपूर
१६ सप्टेंबर १९८२

चि. अनंत,

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. रांगण्याचे काम तुळसाबाईला दिले. ती पदर खोचून भिंतीकडेने गेली आणि दर दोन हातांवर थांबून निकाल देत होती. "इथं नुसतं फुगून राहिलं." "इथं मेलं." शेवटी देवाच्या कोनाड्याखाली थांबली. "बाई, इथं पोटात वाजून राहिलं. इथंच ठेवा." डबा तिथे ठेवला.

तारा उलटच होत्या. चूक माझी. वर्गात मुलींना अधिक-उणे शिकवताना मी पट्टी आपटत असे. सुलट केल्याबरोबर आवाज भरला.

बटण लावायला दहा दिवस गेले. त्यासाठी मनोहररावांच्या रेकॉर्ड काढल्या. मी पूर्वी त्या कधी ऐकल्या नव्हत्या. ते म्हणायचे, "बस की पाच मिनिटं," आणि मी वह्या तपासत असे, वरून आवाज कमी करायला सांगत असे. तबल्याची एक रेकॉर्ड आहे, तिच्या कडा झिजल्या आहेत. ती आता अशी वाजते की डबा कुठे आहे हे सांगता येत नाही. बंद केला तर तुझ्या म्हणण्याप्रमाणे कुणीतरी उठून जाते.

म्हणजे काम झाले असे समजून काल बाबांची टेप लावली.

खर्ज मागे राहतो. तबल्याच्या रेकॉर्डवर डावा-उजवा एकत्र पडतात. बाबांच्या टेपवर 'धा'ला उजवा हात पडतो आणि डावा त्यानंतर येतो. निम्म्यापर्यंत ऐकली, प्रत्येक वेळी. आधी उशीसारखा आवाज होता म्हणून कळत नव्हते. आता स्पष्ट कळते. बाबांचा हात असा नव्हता, हे मी तुला सांगायला नको.

तुळसाबाईचा बाप भजनात ढोलक वाजवायचा, त्यामुळे ती स्वतःला जाणकार समजते. ऐकून म्हणाली, "हे दोघं जण वाजवून राहिले ना, बाई?" मी तिला भांडी घासायला पाठवले.

डब्याचे काय चुकते आहे?

इंदुताई


जबलपूर
२५ सप्टेंबर १९८२

ती. ताईस नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला. दहा दिवसांत एवढं जमणं सोपं नाही. इथे कारखान्यातल्या पोरांना मी तुझं उदाहरण देतो.

मागे राहण्याचं असं आहे की डबा तुझ्यापासून लांब असेल आणि स्पीकर जवळ असतील, तर खर्ज उशिरा पोचतो. डबा तीनेक फूट पुढे घेऊन पाहा. न जमल्यास स्पीकर मागे घे. गाळणीमुळेही थोडा उशीर होतो. मी दुसरी गाळणी बनवायला घेतो, पण वेळ लागेल. पार्सल दिवाळीपर्यंत पोचेल.

तोवर ती टेप लावू नको, झिजेल. रेकॉर्डच ऐक. मनोहररावांकडे आणखी काय काय आहे ते लिही. कौसल्याही तुझ्या पत्राची वाट पाहते.

अनंत


लकडगंज, नागपूर
३ ऑक्टोबर १९८२

चि. अनंत,

डबा तीन फूट पुढे घेतला. फरक पडला नाही. पडणार नव्हता. हिशेब मी आधी करायला हवा होता, पण तुझ्यावर भरवसा ठेवला.

स्टॉपवॉच घेऊन बसले. बाबांच्या उजव्या हाताचे बोल सेकंदाला चार पडतात. डावा ठोका दोन बोलांच्या बरोबर मध्ये येतो. म्हणजे सेकंदाचा आठवा हिस्सा उशीर. आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो. आठवा हिस्सा म्हणजे एकशे चाळीस फूट. इतका उशीर व्हायचा तर हा डबा रस्त्यापलीकडच्या आरागिरणीत नेऊन ठेवावा लागेल. माझी खोली सोळा फुटांची आहे.

शिवाय डबा, तारा, गाळणी सारे तेच असून तबला वेळेवर पडतो. तेव्हा उशीर माझ्या खोलीत नाही, टेपवर आहे. हे नववीतल्या मुलीला कळेल. तुला पहिल्या पत्रातच कळले असणार.

गाळणी पाठवू नकोस. तुळसाबाईच्या प्रश्नाचे उत्तर पाठव. तू ते वाचलेस आणि त्यावर एक अक्षर लिहिले नाहीस.

इंदुताई


(कार्ड)
नागपूर, २२ ऑक्टोबर

चि. अनंत, पत्राचे उत्तर नाही. मी थांबले आहे. इंदुताई


जबलपूर
६ नोव्हेंबर १९८२

ताई,

हे चौथं पत्र लिहितो आहे. तीन फाडली.

तुळसाबाईचं बरोबर आहे. उजवा बाबांचा, डावा माझा.

त्या वर्षी संक्रांतीनंतर बाबांना झटका आला. डावा हात खांद्यापासून गेला. बोलत होते, जेवत होते, हात तेवढा नव्हता. मी सुटी काढून कुहीला गेलो. त्यांनी मला बजावलं, "इंदूले हाताचं लिहू नको गा. तिले नुसतं ये म्हण." मी म्हटलं, हाताचं लिहिल्याशिवाय ती येणार नाही. तर म्हणाले, "हातासाठी कायले यावं तिनं? माझ्यासाठी येईल."

म्हणून मी तुला ते कार्ड टाकलं. बाबा बोलावून राहिले, दोन दिवसांसाठी ये, एवढंच. टेपरेकॉर्डर मी मित्राकडून मागून आणला होता. बाबांची योजना ठरलेली होती. तू आल्यावर तू डावीकडे बसणार आणि ते उजवीकडे. "इंदूले डावी येते," असं सगळ्या गल्लीत सांगून झालं होतं. कणीकसुद्धा रोज सकाळी भिजवायला लावत.

मग तुझं कार्ड आलं. प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहेत, उन्हाळ्याच्या सुटीत येते. ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, "परीक्षा म्हणजे परीक्षा." टेपरेकॉर्डर तिसऱ्या दिवशी परत करायचा होता. मला म्हणाले, "बस मंग तू." मी म्हटलं, बाबा, मले येत नाही. "मी उजवा मारतो, तू मागून ये."

मी मागूनच गेलो, ताई. अख्खी टेपभर. कधी शिकलोच नव्हतो. तू नागपूरला कॉलेजात होतीस आणि मी तारांत डोकं घालून बसलेला. वाजवून झाल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "ठीक आहे." ते ठीक नव्हतं हे मला त्याच वेळी कळलं. बाबांची शेवटची टेप मी बिघडवली. तुझ्या सुटीला महिना होता, तेव्हा दुसरा झटका आला.

सरणापाशी मी चारचौघांत तुला म्हटलं, "आता मिळाली का सुटी?" तू त्याच संध्याकाळच्या बसने गेलीस. हाताचं सांगायचं राहिलं, आणि मग नऊ वर्षं राहिलं.

जुलैत तुझं पत्र आलं तेव्हा लगेच लिहायला हवं होतं. पण डबा लागेपर्यंत तू पत्रं लिहिशील हे मला दिसत होतं. म्हणून तुला जागा बदल, गाळणी बदल असं सांगत राहिलो. डबा कधीच लागू नये असं वाटत होतं.

अनंत


लकडगंज, नागपूर
२१ नोव्हेंबर १९८२

चि. अनंत,

पत्र मिळाले. दिवाळी त्यातच गेली.

तू एक गोष्ट लपवलीस. मी एक लपवली, ती आता सांगते. माझ्या कार्डावर लिहिले होते की प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहेत. त्या चालू नव्हत्या. त्यांना अकरा दिवस अवकाश होता. मला यायचा कंटाळा आला होता. कुहीची बस, धूळ, येणारे-जाणारे, त्यांचे तेच ते प्रश्न. दुसरे काहीही कारण नव्हते. नऊ वर्षे मी पुष्कळ शोधले, निघाले नाही. सरणापाशी तू बोललास तेव्हा मी निघून गेले ते तू खोटे बोललास म्हणून नव्हे. तुझ्या तोंडून खरे निघाले होते आणि ते तुला माहीतही नव्हते.

बाबा म्हणाले, परीक्षा म्हणजे परीक्षा. ते वाक्य मी पुन्हा वाचलेले नाही. तेवढ्या ओळीवर बोट ठेवून पुढे जाते.

आता टेपबद्दल. ती तू बिघडवलीस असे लिहितोस. हे तपासून पाहावे म्हणून मी स्टॉपवॉच घेऊन पुन्हा बसले. सुरुवातीला बोल सेकंदाला चार आहेत. मध्यावर गेल्यावरही चार. शेवटाकडे तीन होतात, मग अडीच. बाबांची लय थकव्याने उतरली असे म्हणशील. थकलेला हात वेडावाकडा पडतो. हा एकेक बोल मोजून मागे येतो आहे. ते तुझ्यासाठी थांबत होते. आणि शेवटचे नऊ 'धा' तुम्ही दोघांनी एकत्र मारले आहेत. चुकूनही फट नाही. तुझ्याकडे मूळ टेप असेल, ती तुझ्या स्पीकरांवर नीट ऐक. तू इतकी वर्षे पहिल्या उशिरालाच कान लावून बसला असशील आणि शेवटपर्यंत पोचला नसशील. हा हिशेब मी तीन वेळा तपासला आहे.

मग मी आणखी एक केले. काल दुपारी खर्जाचा डबा बंद केला. तुझा हात जवळजवळ नाहीसा झाला, बाबांचा उजवा तेवढा राहिला. डब्याच्या डावीकडे जमिनीवर बसले. बसायलाच वेळ लागला. तुळसाबाईने विचारले, "पडल्या का, बाई?" मी टेप सुरू केली आणि धोंडबाच्या पॉलिशवर तळहाताने डावा ठोका मारू लागले. माझी समजूत होती की डोके विसरले तरी हात विसरणार नाही. 'इंदूले डावी येते' असे बाबांनी गल्लीभर सांगितले होते.

मला येत नाही, अनंत. मी तुझ्याहून मागे पडले. शेवटी ते थांबतात त्या नऊ ठोक्यांवर तरी त्यांना गाठेन असे वाटले. तिथेही ते तुझ्यासाठी थांबले आहेत. मी गाठेपर्यंत टेप संपली. तुळसाबाई दारात उभी होती. तिने काही निकाल दिला नाही, हात धरून मला उठवले.

डबा जागेवर आहे, तारा सुलट आहेत, बटण जिथे असायला हवे तिथे आहे. त्याबद्दल आता विचारण्यासारखे काही उरलेले नाही. पत्रे मात्र लिही.

नाताळात कौसल्येला घेऊन ये. मृदंग कुहीच्या भजनी मंडळाकडे असेल तर वाट वाकडी करून मागून आण. कणीक मी थापीन, ते काम मला येते. डावीकडे तू बस. उजव्या हाताला टेप आहे.

इंदू